आवाज परत आला, पण दोष सापडला का?

गिटारचा आवाज मधेच गेला की वादक खाली वाकतो आणि हाताला लागेल ती पिन हलवून पाहतो. दोन-तीन पिना काढून पुन्हा घातल्या, एखादं पेडल दाबलं, अॅडॉप्टरची वायर जरा चेपली की बऱ्याचदा आवाज परत येतो. ‘आला, आला’ म्हणत सगळे आपापल्या जागी जातात आणि कार्यक्रम पुढं सुरू होतो. पेडलबोर्ड दुरुस्त करण्याच्या आणि मंचावर सांभाळण्याच्या कामातून माझं जे मत पक्कं झालं आहे, ते नेमकं या सवयीच्या विरुद्ध आहे. आवाज का गेला होता हे न कळताच तो परत आला असेल, तर दुरुस्ती झालेली नाही. उलट, दोष समोर हजर असताना त्याला पकडायची संधी आपण घालवली आहे. हे बोलणं टोकाचं वाटेल, म्हणून त्यामागची कारणं सविस्तर मांडतो.

आठ पेडलांचा बोर्ड घ्या. आज हौशी बँडमध्येही तो फार मोठा मानला जात नाही. गिटारपासून पहिल्या पेडलपर्यंत एक लांब केबल, शेवटच्या पेडलपासून अॅम्पपर्यंत दुसरी आणि मधे सात छोट्या पॅच केबल. नऊ केबल म्हणजे अठरा पिना. आपल्या बाजारात पी-३८ या नावानं मिळणारी ही पाव इंची पिन जॅकमध्ये बसते तेव्हा धातू धातूला दोन ठिकाणी टेकतो, टोकाला सिग्नल आणि अंगाला ग्राउंड. अठरा पिनांचे असे छत्तीस स्पर्श झाले. प्रत्येक पिनेच्या आत डाख दिलेले दोन सांधे, म्हणजे आणखी छत्तीस. शिवाय आठ फूटस्विच, पॉवरच्या आठ पिना, गिटारवरचे पॉट आणि पिकअपचा सिलेक्टर. याच्या तुलनेत पेडलच्या आतल्या सर्किटला कष्ट फारसे नाहीत. साध्या ओव्हरड्राइव्हला ९ व्होल्टवर पाच-दहा मिलिअॅम्पिअर पुरतात. त्यात काही तापत नाही, काही फिरत नाही. व्होल्टेज जास्त गेलं नाही आणि पोलॅरिटी उलटी लागली नाही, तर आतले ट्रान्झिस्टर आणि आयसी वर्षानुवर्षं टिकतात. जे तुडवलं जातं, ओढलं जातं, गुंडाळून पिशवीत कोंबलं जातं आणि घामट हातांनी धरलं जातं, ते सगळं जोडणीचं सामान असतं. तरीही दुरुस्तीला येणारा माणूस ‘पेडल गेलं’ असंच म्हणत येतो. पेडल महाग असतं आणि त्याला नाव असतं, म्हणून संशयही आधी त्याच्यावरच जातो.

आता हलवल्यावर आवाज परत का येतो, ते पाहू. घरातल्या दिव्याचं बटण २३० व्होल्ट जोडतं आणि तोडतं. तिथं दर वेळी बारीक ठिणगी पडते आणि धातूवर साचलेला थर ती जाळत राहते. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल साधारण शंभर-दोनशे मिलिव्होल्टचा असतो. तार जोरात छेडली तर क्षणभर त्याहून अधिक. पुढच्या पेडलचा इनपुट इम्पिडन्स एक मेगओहम धरला, तर १०० मिलिव्होल्टला वाहणारा प्रवाह एका मायक्रोअॅम्पिअरच्या दहाव्या भागाएवढा भरतो. एवढ्या क्षीण प्रवाहात ऑक्साइडचा पातळ पापुद्रा भेदण्याची ताकद नसते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये अशा जोडणीला ड्राय सर्किट म्हणतात आणि तिची दुखणी जास्त प्रवाहाच्या जोडणीपेक्षा वेगळी असतात. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनाऱ्यालगत हवा खारट आणि दमट. पावसाळाभर पेटीत पडून राहिलेला बोर्ड गणपतीच्या कार्यक्रमांसाठी बाहेर काढला की आवाज येतो-जातो तो बहुतांशी यामुळं. पिन आतबाहेर केली की घर्षणानं पापुद्रा एका रेषेत खरवडला जातो आणि सिग्नलला वाट मिळते. बाकीचा थर तसाच राहतो. पाय आपटला, मंच हादरला, पिन केसभर फिरली की ती रेष सुटते आणि आवाज पुन्हा जातो. हलवण्यानं रोग बरा होत नाही, फक्त लक्षण काही काळ दबतं, आणि दबलेलं लक्षण तपासता येत नाही.

मल्टिमीटरवर विसंबणाऱ्यांनाही इथं सावध करायला हवं. बीप वाजली म्हणजे केबल चांगली, असं समजलं जातं. पण कंटिन्युइटी तपासताना मीटर स्वतःच्या बॅटरीतून मिलिअॅम्पिअरच्या घरातला प्रवाह सोडतो, म्हणजे गिटारच्या सिग्नलच्या कितीतरी हजार पट. जो पापुद्रा सिग्नलला अडवतो, तो मीटरच्या दाबापुढं सहज फुटू शकतो. टेबलावर बीप देणारी जोडणी मंचावर गप्प राहते याचं हे एक साधं कारण आहे. दुसरं कारण ग्राउंडचं. एकाच अॅडॉप्टरवरून साखळी करून सगळ्या पेडलांना वीज दिलेली असते तेव्हा त्यांची ग्राउंड पॉवरच्या वायरमधूनही एकमेकांना जोडलेली असतात. अशा बोर्डवर एखाद्या पॅच केबलची बाहेरची जाळी तुटली तरी आवाज चालू राहतो, कारण परतीची वाट पॉवरच्या वायरनं दिलेली असते. तीच केबल प्रत्येक पेडलला स्वतंत्र आयसोलेटेड वीज देणाऱ्या बोर्डवर लावली की सिग्नल गायब होतो किंवा घरघर सुरू होते. आणि दोष कोणाच्या माथी मारला जातो? नव्या पॉवर सप्लायच्या.

मग करायचं काय? पहिली पायरी अशी की बोर्डला हातच लावायचा नाही. खात्रीची एक केबल घ्यायची आणि गिटार थेट अॅम्पला जोडायची. आवाज आला तर गिटार आणि अॅम्प दोन्ही सुटले. नाही आला तर बोर्ड निर्दोष, आणि त्यावर घालवला गेला असता तो सगळा वेळ वाचला. एवढी एक चाचणी निम्मं क्षेत्र बाजूला करते, आणि घाईत नेमकी तीच कोणी करत नाही. अॅम्पवरच संशय आला तर मागच्या सेंड आणि रिटर्न जॅकमध्ये एक पॅच केबल घालून पाहावी. रिटर्न जॅकच्या आत एक स्प्रिंगची पट्टी असते. काही जोडलेलं नसताना सिग्नल तिच्यातूनच पुढं जातो. ती काळवंडली की अॅम्पचा आवाज बसतो, आणि त्या केबलनं तो परत आला तर दोष त्या पट्टीत. बोर्डवर आलो की प्रश्न ‘कोणतं पेडल बिघडलं’ असा विचारायचा नाही, ‘सिग्नल कुठपर्यंत पोचतो’ असा विचारायचा. चौथ्या पेडलच्या आउटपुटमधून थेट अॅम्पला जा. आवाज आहे? मग पहिली चार पेडलं सुटली. नाही? मग दुसऱ्या पेडलवर या. अशा तीन चाचण्यांत आठांपैकी एक जागा हाती लागते. दर वेळी बदल एकच करायचा आणि तो लक्षात ठेवायचा.

इथं जाणकार वाचक मला अडवेल, आणि त्याचा आक्षेप खरा आहे. चौथ्या पेडलची पिन काढायची म्हणजे तीही हलवणंच झालं. तिथलाच पापुद्रा खरवडला गेला तर दोष माझ्या पद्धतीतही पळून जाईल. पण फरक हा की माझ्या हातून एकच जोडणी हलली आहे आणि कोणती हलली ते मला ठाऊक आहे. जुनी मांडणी पूर्ववत केल्यावर आवाज टिकला, तर संशयित एवढा एकच उरतो: ती पिन किंवा तो जॅक. दहा पिना चाळवून आवाज आणणाऱ्यापाशी दहा संशयित उरतात. ज्याला एकही पिन हलवायची नाही त्यानं सिग्नल प्रोब बनवावा. केबलच्या आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाखायचा, जाळी पेडलच्या ग्राउंडला टेकवायची, दुसरं टोक छोट्या अॅम्पला द्यायचं आणि उघड्या पेडलमध्ये जॅकपासून पुढं एकेका जागी टेकवत ऐकत जायचं. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत यासाठी लागणारं सामान चहाच्या खर्चात येतं.

हात आवरायचा म्हणजे स्वस्थ बसायचं असं नाही. आवाज कसा गेला हे ऐकायचं, कारण जाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि त्या पुरावा असतात. सिग्नल गेला आणि घरघर वाढली तर तुटलेल्या जाळीची शक्यता आधी तपासावी. एकदम निखळ शांतता झाली, नेहमीची खरखरही उरली नाही, तर आतली तार जाळीला टेकून शॉर्ट झालेली असू शकते. किंवा ट्यूनर पेडल म्यूटवर राहिलेलं असतं, आणि हे अनुभवी माणसांच्या बाबतीतही घडतं. आवाज बारीक, पातळ आणि खर्जाविना येत असेल, तर धातूचा स्पर्श सुटून तुटलेल्या फटीतून फक्त वरच्या वारंवारता निसटत आहेत. दिवा हा स्वतंत्र पुरावा आहे आणि त्याचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. एलईडी पेटला म्हणजे पेडलला वीज मिळते आहे, एवढंच सिद्ध होतं. ट्रू बायपास पेडलमध्ये फूटस्विच इनपुट आणि आउटपुट सरळ जोडून देतो, म्हणून वीज नसली तरी बंद अवस्थेत सिग्नल पार जातो. बॉसच्या १९७७ पासूनच्या छोट्या पेडलांत तसं नसतं. तिथं बंद अवस्थेतही सिग्नल बफर या छोट्या सर्किटमधून जातो आणि स्विचिंग इलेक्ट्रॉनिक असतं. वीज गेली की ‘बंद’ असलेलं पेडलही सगळी साखळी गप्प करतं. आठही पेडलं एकाच वेळी मेल्यासारखी वाटतात तेव्हा कारण अनेकदा अशा एका पेडलची सैल पॉवर पिन असते. बॅटरीवर चालणाऱ्या पेडलांची आणखी एक खोड आहे. त्यांचा इनपुट जॅक स्टिरिओ असतो आणि मोनो पिन घातल्यावरच बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला जोडलं जातं. त्या जॅकची पट्टी वाकली असेल तर नवी कोरी बॅटरी घालूनही पेडल उठत नाही. राउटर किंवा सीसीटीव्हीचा हाताशी असलेला अॅडॉप्टर लावून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षानं टाळावा. पेडलांना बहुधा मध्यभागी ऋण असलेली ९ व्होल्टची पिन लागते, आणि त्या अॅडॉप्टरांची पिन मध्यभागी धन, वर बहुतेकदा १२ व्होल्टची असते. असा अॅडॉप्टर लावला की साध्या लूझ कॉन्टॅक्टचं रूपांतर खरोखर जळलेल्या पेडलमध्ये होतं.

एक तऱ्हा उरली आणि ती सर्वांत फसवी आहे: आवाज आहे, पण मंद, जणू गोधडीखालून येणारा. इथं काहीच तुटलेलं नसतं. केबल स्वतः कपॅसिटर असते, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर आणला की गिटारचा सोर्स इम्पिडन्स ढोबळमानानं १२५ किलोओहम होतो. ६ मीटर केबलच्या ६०० पिकोफॅरडशी त्याचा हिशेब केला तर २१०० हर्ट्झच्या वर सिग्नल उतरू लागतो. अॅम्पकडे जाणारी आणखी ६ मीटर केबल जोडा, आणि मधली सगळी पेडलं ट्रू बायपास असून बंद असतील तर हीच मर्यादा १०५० हर्ट्झच्या आसपास येते. कोणतीही पिन हलवून हा आवाज परत येणार नाही. सुरुवातीला एक बफर लागतो. इंग्लंडचे पीट कॉर्निश यांनी मोठमोठ्या वादकांचे बोर्ड बांधताना बफरचा आग्रह धरला तो याच कारणासाठी. ‘ट्रू बायपास घेतलं की सिग्नलची चिंता मिटली’ हा दुकानातला सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. बफरही डोळे मिटून कुठंही टाकता येत नाही. १९६६ सालच्या फझ फेससारख्या पेडलचा इनपुट इम्पिडन्स फारच कमी असतो आणि त्याचा स्वभाव गिटारच्या पिकअपशी थेट जुळल्यावरच खुलतो. त्याच्या आधी बफर आला की ते पेडल कर्कश वाजतं. हा बिघाड नव्हे, मांडणीचा प्रश्न आहे, आणि दोन्हींत गल्लत झाली की माणूस चांगली पेडलं विकून टाकतो.

अनुभवी माणसाला एवढे सोपस्कार लागत नाहीत, तो सरळ हात घालतो आणि आवाज आणतो, असं मला सांगितलं जातं. ते खरं आहे. पण त्याच्याकडे नीट पाहावं. तो आधी क्षणभर ऐकतो, घरघर आहे की शांतता हे पाहतो, मग एकाच पिनेकडे जातो. वरची सगळी छाननी तो मनातल्या मनात करतो, इतकंच. नवखा माणूस त्याचा हात तेवढा पाहतो, कान पाहत नाही, आणि मग दहा पिना हलवण्यालाच कौशल्य समजतो.

याहून अवघड प्रश्न अधूनमधून होणाऱ्या दोषाचा आहे. आवाज आता आहे, आता नाही. अशा वेळी अर्धं-अर्धं करत जाणं फसतं, कारण चाचणीच्या क्षणी दोष हजर नसतो आणि निर्दोष ठरवलेला भाग दोषी निघतो. यावर उपाय असा की आधी दोष पक्का करायचा, मग शोधायचा. साखळीच्या सुरुवातीला लूपर ठेवून एक तुकडा सतत वाजत ठेवावा म्हणजे दोन्ही हात मोकळे होतात. मग लाकडी काडीनं किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेका पिनेवर, जॅकवर, फूटस्विचवर हलकेच टिचकी मारत जावं. केबल पिनेपाशी एकाच दिशेनं वाकवून तशीच धरावी. जिथं आवाज तुटतो तिथं थांबावं आणि तीच जागा पुन्हा-पुन्हा तपासून खात्री करावी. हेही हलवणंच आहे, पण इथं आवाज आणण्यासाठी नाही, घालवण्यासाठी हलवतो आपण. हा फरक बारीक वाटला तरी सगळं त्यावर अवलंबून आहे. लूपरऐवजी मोबाइलमधून गाणं सोडलं तरी चालतं, मात्र मोबाइलचा आउटपुट इम्पिडन्स खूप कमी असल्यानं वर सांगितलेला मंदपणाचा दोष त्यात दिसत नाही.

मंचावर वेळ नसतो, समोर माणसं बसलेली असतात, तिथं हे शास्त्र कुठून चालवणार, हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि मला तो सर्वांत कमी पटतो. गिटार थेट अॅम्पला जोडायला दहा पिना चाळवण्यापेक्षा कमी वेळ लागतो. इफेक्टविना गाणं पुरं करता येतं, आणि बोर्डवरचा दोष जसाच्या तसा राहतो, नंतर सापडण्यासाठी. ज्यांना तेवढीही सवड नसते त्यांनी मांडणीच तशी करावी. अमेरिकेत बॉब ब्रॅडशॉ यांनी १९८० च्या दशकापासून वादकांसाठी ज्या स्विचिंग यंत्रणा बांधल्या, त्यांत प्रत्येक पेडल स्वतःच्या वेगळ्या लूपमध्ये असतं, त्यामुळं एक बटण दाबून एक पेडल साखळीतून बाहेर काढता येतं. स्वस्तातला लूप स्विचरही हे काम करतो. घाईत एक गोष्ट मात्र कधीही करू नये. मांडवातली घरघर घालवण्यासाठी अॅम्पच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि ती जीवघेणी आहे. १९७२ मध्ये स्वॉन्सीच्या मंचावर स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्यानं गेला. घरघर ऐकून घ्यावी, पिन तोडू नये.

एवढी यातायात नकोच, सगळ्या केबल बदलून टाकाव्यात किंवा एकच मल्टिइफेक्ट घ्यावं, असंही सुचवलं जातं. मल्टिइफेक्टमुळं जोडण्या कमी होतात हे मी मोकळेपणानं मान्य करतो. ज्याला आवाजाच्या दृष्टीनं ते चालतं त्यानं जरूर घ्यावं. तरी गिटारचा जॅक, लांब केबल आणि अॅडॉप्टर तेच राहतात, आणि एखाद्या प्रीसेटमध्ये एक्स्प्रेशन पेडल व्हॉल्यूमला जोडलेलं राहिलं तर सिग्नल तिथंही गायब होतो. सगळ्या केबल एकदम बदलण्यात वेगळाच धोका आहे. आवाज येतो, पण दोष जुन्या केबलमध्ये होता की काळवंडलेल्या जॅकमध्ये, हे कळत नाही. जुन्या केबल ‘असू द्या अडीअडचणीला’ म्हणून पिशवीत जातात, आणि खरी अडचण येते तेव्हा त्यातलीच बिघडलेली केबल हातात येते.

म्हणून विनंती आहे ती कार्यक्रम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल. ज्या केबलवर संशय आहे तिला तिथल्या तिथं गाठ मारा, म्हणजे ती चांगल्या केबलांत मिसळणार नाही. दुसऱ्या दिवशी पिनेचं टोपण उघडून डाख पाहा. तो मळकट आणि दाणेदार दिसला तर पुन्हा द्या. जॅकला पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघतो आणि गंज अधिक वेगानं येतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन काही वेळा आतबाहेर करा, सुकू द्या. काय सापडलं ते बोर्डच्या खाली चिकटपट्टीवर तारखेसह लिहून ठेवा. आणि काहीच सापडलं नाही, पण आवाज आता ठीक येतो आहे, असं झालं तर तो बोर्ड दुरुस्त झाला असं कोणाला सांगू नका. पुढच्या कार्यक्रमाला थेट अॅम्पला जाणारी लांब केबल पायापाशी जोडून तयार ठेवा.